तीन तास, नऊ दालनं आणि एक शिट्टी

पत्र : आम्ही दोन्ही मुलांना घरीच शिकवतो. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७. गेल्या महिन्यात त्यांना इतिहास संग्रहालयात नेलं. तयारी म्हणून मी ४० प्रश्नांची वर्कशीट बनवली होती. तीन तासांत नऊ दालनं पाहिली. मुलीने फलकांवरची वाक्यं उतरवून अख्खी वर्कशीट भरली, पण घरी आल्यावर तिला एकाही वस्तूबद्दल धड सांगता येईना. मुलाने तिसऱ्या दालनातच जमिनीवर बैठक मारली. त्याने एका मूर्तीला हात लावला तेव्हा रखवालदाराने शिट्टी वाजवली, तेवढं त्याला आठवतं. पुढच्या महिन्यात आणखी एका होमस्कूलिंग कुटुंबाबरोबर पुन्हा जायचं घाटतंय, त्यांची मुलं तीन. यातून इतिहास खरंच शिकता येतो का? काय बदलू? आणि वर्षभराच्या नोंदींत ही भेट लिहायची कशी?

उत्तर :

ताई, आधी थोडा हिशेब करू. तीन तास म्हणजे १८० मिनिटं. ती नऊ दालनांत वाटली की प्रत्येकी २० मिनिटं, चालणं, पाणी पिणं, स्वच्छतागृह सगळं धरून. एका दालनात ६० वस्तू आहेत असं मानलं तर एका वस्तूच्या वाट्याला आले २० सेकंद. त्यात ४० उत्तरं शोधायची. मुलीने फलक उतरवले, कारण तेवढ्या वेळात दुसरं काही करणं शक्यच नव्हतं. तिने आळस केला नाही, उलट दिलेलं काम चोख केलं.

तुम्ही मुलांना शाळेत घालत नाही, पण शाळेची सहल मात्र उचलून आणलीत. शाळेला बस ठरवावी लागते, पालकांच्या संमत्या घ्याव्या लागतात, वर्षातून एकदाच जाता येतं. म्हणून ती सगळं दाखवत पळते. तुम्हाला हवा तो मंगळवार मोकळा आहे आणि त्यानंतरचाही. तीन तासांची एक भेट रद्द करून त्याच वेळात सव्वा-सव्वा तासाच्या दोन भेटी करा, वेगवेगळ्या आठवड्यांत. एका भेटीत एकच दालन आणि त्यातल्या चार वस्तू. बाकीच्या दालनांपुढून सरळ निघून जायचं. घराबाहेर पडण्याआधीच मुलांना सांगून ठेवा की आज आपण चारच वस्तू बघणार आहोत. आतल्या आत ठरवलंत आणि दाराशी सांगितलंत तर ‘ते तिकडे काय आहे?’ सुरू होणारच. एखादी पाचवी वस्तू मुलांना खेचून घेत असेल तर जरूर थांबा, मात्र ठरलेल्या चारांतली एक गाळून.

मुलाच्या बैठकीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये संग्रहालय बघताना येणाऱ्या थकव्यावर लेख लिहिला होता. त्यासाठी त्यांनी एका धडधाकट प्रौढ माणसाला वस्तू नीट दिसेपर्यंत वाकायला, उकिडवं बसायला, मान मोडायला लावून त्याचे फोटो काढले. दोष प्रेक्षकाचा नाही, मांडणीचा, हे त्यांना दाखवायचं होतं. तुमच्या मुलाची उंची साधारण १२० सेंमी असेल. मांडणी बहुतेक ठिकाणी प्रौढांच्या नजरेच्या उंचीला, म्हणजे १५० सेंमीच्या आसपास केलेली असते. त्याला मूर्तीची हनुवटी दिसते आणि फलकावर दिव्याची तिरीप. तो जमिनीवर बसला हे शहाणपणाचंच. पुढच्या वेळी तुम्ही सगळेच बसा. रस्ता अडत नसेल तर संग्रहालयात सहसा कुणी हरकत घेत नाही.

आधी एकटीने जाऊन या

मुलांना न्यायच्या आठवडाभर आधी तासभर एकट्या जा. हा तास वाचवण्याचा मोह होतो आणि पुढचं सगळं इथेच बिघडतं. संकेतस्थळावर उघडं दाखवलेलं दालन दुरुस्तीसाठी बंद असतं, ज्या वस्तूवर बेत आखला ती फिरत्या प्रदर्शनाला गेलेली असते आणि तिच्या जागी एक चिठ्ठी लावलेली असते.

गेल्यावर चार वस्तू निवडा, पण चारही एका जातीच्या नकोत. एक मजकूर असलेली : ताम्रपट, शिलालेख, मुद्रा. एक रोजच्या वापरातली : दिवा, वजन, कुलूप. एक शिल्प किंवा चित्र. आणि एक फुटकी. फुटकी वस्तू वगळू नका, मुलांशी सगळ्यात जास्त तीच बोलते. अखंड मूर्तीपुढे मूल ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकतं, हात तुटलेल्या मूर्तीपुढे ‘त्या हातात काय होतं?’ असं विचारतं. जोडलेलं मातीचं भांडं मिळालं तर फारच उत्तम. जतन करणारे लोक तुटलेल्या जागी जो नवा भाग भरतात, त्याचा रंग मुद्दाम किंचित वेगळा ठेवतात. लांबून भांडं अखंड वाटावं आणि जवळून नवं-जुनं ओळखू यावं, हा त्यामागचा हेतू. मुलाला नवे तुकडे मोजायला सांगा. हे काम सात वर्षांच्या मुलाच्या अगदी आवाक्यातलं आहे.

नाणी मुलांना आवडतील असं वाटतं, पण पहिल्या भेटीत ती टाळा. दीड-दोन सेंटीमीटरचं नाणं, त्याची एकच बाजू वर, वरून काच, आणि भोवती पाच डोकी.

प्रत्येक वस्तूच्या फलकाचा फोटो काढून आणा. तो तुमच्या अभ्यासासाठी, मुलांना आधी दाखवू नका. काच मुलांच्या उंचीला येते का, बसायला जागा कुठे, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर, पिशव्या दाराशी ठेवून घेतात का, हेही बघा. आणि मुलांच्या नजरेला काय पडेल तेही. मानवी सांगाडा किंवा ममी असेल तर घरीच सांगून ठेवा आणि ‘नको’ म्हणायची मुभा द्या. वीरगळांच्या, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या रांगेत एखादा गद्धेगळ, म्हणजे गाढव आणि स्त्री यांचं अश्लील शिल्प कोरलेला शापाचा दगड, उभा असेल तर त्या शिल्पाबद्दल विचारलं जाणारच. उत्तर तयार ठेवा.

तिकिटाच्या सवलतीचं मात्र या फेरीच्याही आधी विचारून घ्या. विद्यार्थ्यांच्या गटाला सवलत असते, पण ती बहुधा शाळेच्या पत्रावर मिळते आणि तुमच्याकडे शाळा नाही. कोणता कागद चालेल ते संग्रहालयाच्या शिक्षण विभागाला ई-मेल करून दोन-तीन आठवडे आधी लेखी मागून घ्या. आयत्या वेळी खिडकीवर वाद घालून काही मिळत नाही, आणि मुलांची सकाळ रांगेत जाते.

जाण्याआधी घरी

घरी इतिहास शिकवून नेऊ नका. उत्तरं माहीत असलेलं मूल वस्तूकडे बघत नाही, फक्त ओळख पटवतं. एकच गोष्ट करून न्या, ती म्हणजे मापाची. मोहेंजोदडोची नर्तकी पुस्तकात अर्धं पान व्यापते. मुलांना विचारा, ती खरी केवढी असेल? आणि उत्तर कागदावर रेघ मारून दाखवायला सांगा. १९२६ मध्ये सापडलेली ही धातूची मूर्ती, जी आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, फक्त १०.५ सेंमी उंच आहे. नव्या पेन्सिलीपेक्षाही लहान. मोहेंजोदडोतच सापडलेला दाढीवाला ‘पुरोहित राजा’ १७.५ सेंमीचा. रेघ आणि खरं माप शेजारी ठेवलं की संग्रहालयात प्रत्यक्ष का जायचं हे मुलांना वेगळं समजवावं लागत नाही. फोटोत सगळं दिसतं, माप तेवढं दिसत नाही.

वस्तूपुढे उभं राहिल्यावर

एका वस्तूला १२ ते १५ मिनिटं द्या. ऐकायला फार वाटतात, पण क्रम पाळला तर पुरत नाहीत.

पहिलं मिनिट पूर्ण शांतता. फलक वाचायचा नाही, गरज पडली तर तुम्ही त्याच्यापुढे उभ्या राहा. मग प्रत्येकाने दिसतं ते सांगायचं, अंदाज नाही. ‘राजा आहे’ हा अंदाज झाला. ‘डोक्यावर उंच काहीतरी आहे, कानाची पाळी लांब आहे, नाक झिजलंय’ हे दिसणं. हा फरक पहिल्या वस्तूवर दहादा सांगावा लागतो, तिसरीवर मुलंच एकमेकांना टोकतात. धाकट्याचं तुम्ही लिहून घ्या, म्हणजे लिहिण्याच्या कष्टापायी त्याचं बघणं अडत नाही.

त्यानंतर अंदाज. कशाचं असेल, कसं घडवलं असेल, कोण वापरत असेल, झीज नेमकी इथेच का? प्रत्येक अंदाजावर एकच प्रश्न विचारायचा : ‘कशावरून?’ ‘हे काय आहे?’ असं मात्र विचारू नका. त्याला एकच बरोबर उत्तर असतं आणि ते तुम्हाला ठाऊक आहे हे मुलांना ठाऊक असतं, मग ती वस्तूऐवजी तुमचा चेहरा वाचू लागतात.

मग दोन मिनिटांत रेखाटन. चित्र सुंदर नको, बाहेरची रेघ आणि बाण पुरेत : ‘इथे भोक’, ‘इथे काळपट’. हात रेघ ओढू लागला की डोळ्यांना थांबावंच लागतं, आणि निसटलेलं बरंच काही तेव्हा दिसतं.

फलक अगदी शेवटी. आता त्यात वाचण्यासारखं काही उरतं, कारण मुलांकडे ताडून बघायला स्वतःचे अंदाज आहेत. कोणता बरोबर निघाला, कोणता चुकला आणि कशाबद्दल फलक गप्प आहे? या तिसऱ्या प्रश्नातून पुढचा अभ्यास निघतो.

इथे बहुतेकदा बिघडतं ते मोठ्यांमुळे. शांतता दहा सेकंदांवर गेली की आपल्याला राहवत नाही आणि आपण माहिती सांगू लागतो. तोंड बंद ठेवायला काहीतरी हातात घ्या, वहीत मुलांचे शब्द जसेच्या तसे टिपत राहा.

ही पद्धत रिकामी राहू नये म्हणून दोन-तीन वस्तूंबद्दल सांगते, तुमच्या संग्रहालयात त्या असण्याची शक्यता बरीच आहे.

वीरगळ खालून वर वाचतात, हे एकदा कळलं की तो चित्रकथेसारखा उलगडतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा मेलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करताना. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो याची कीर्ती राहो. चौकटी कमी-जास्त असू शकतात, दिशा बहुधा हीच. मुलांना हे सांगू नका. ‘गोष्ट कुठून सुरू होते?’ एवढंच विचारा. मोठी माणसं वरून सुरुवात करतात आणि फसतात, मुलं पुष्कळदा लढाईपासून सुरुवात करतात, कारण त्यांची नजर तिथेच असते. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर थांबा : हा वीर बहुधा गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला. कोणाची गुरं, कोणी पळवली, दगड उभारण्याचा खर्च कोणी केला? फलकावर मात्र ‘वीरगळ, दगड, १२ वं शतक’ एवढंच असतं.

ताम्रपट मुलीसाठी. आधी त्याची रचना बघू द्या : पत्रे कडीत ओवलेले, कडीच्या सांध्यावर राजाची मुद्रा, पत्र्यांच्या कडा किंचित उचललेल्या, पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू पुष्कळदा कोरी. का? कडा उचललेल्या असल्या की अक्षरांवर अक्षरं घासत नाहीत, बाहेरची बाजू झिजणार म्हणून तिथे लिहायचंच नाही, आणि मुद्रा तोडल्याशिवाय मधला पत्रा बदलता येत नाही. खोटी पानं घुसू नयेत याची सोय आहे ती. मजकूर बहुतेकदा जमीन किंवा गाव दान दिल्याचा : आधी देणाऱ्याची वंशावळ, मग घेणारा, मग चतुःसीमा आणि कोणते कर माफ, शेवटी शाप. जो दिलेली भूमी हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल, हा श्लोक अशा अनेक दानपत्रांत येतो. धाकट्याला इतिहासाची गोडी लावायला एवढा एक श्लोक पुरे. मुलीला विचारा : यात राजाचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, सीमेवरच्या झाडाचंही असू शकतं, मग जमीन कसणाऱ्याचं नाव कुठे आहे?

सिंधू संस्कृतीची वजनं असतील तर गणिताचा तास तिथेच उरकतो. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे हे चौकोनी ठोकळे १, २, ४, ८, १६, ३२, ६४ या प्रमाणात वाढत जातात, त्यातलं १६ पट वजन सुमारे १३.६ ग्रॅमचं. दुप्पटच का? घरी तराजूवर १, २, ४ आणि ८ अशी चार वजनं घेऊन १ ते १५ मधला प्रत्येक पूर्णांक तोलून बघा. एकही अडत नाही. १६ जोडलं की ३१ पर्यंत जाता येतं. तेच १, २, ३, ४ अशी वजनं घेऊन केलं तर दहावरच थांबावं लागतं.

फलकावरच्या तारखा

फलक वाचताना मुलं तीन ठिकाणी अडखळतात. बारावं शतक म्हणजे ११०१ ते १२००, पण मुलं हटकून १२०० च्या पुढचं धरतात. ‘शतकाच्या आकड्यातून एक वजा, मग साल’ हा नियम वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. दुसरं, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. त्यामुळे इ.स.पू. ५० ते इ.स. ५० हे अंतर १०० नव्हे, ९९ वर्षांचं. तिसरं, शके. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो : शिवराज्याभिषेक शके १५९६ चा, म्हणजे १६७४. जानेवारीपासून शक वर्ष संपेपर्यंतच्या तारखांना मात्र ७९ मिळवायचे. हिजरी सनाला असा एकच आकडा चालत नाही, कारण ते वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, दर वर्षी ११ दिवसांनी मागे सरकणारं. तक्ता वापरा.

फलकाच्या कोपऱ्यातल्या छोट्या आकड्याकडे मुलीचं लक्ष वेधा. तो वस्तूचा नोंदक्रमांक. बऱ्याच संग्रहालयांत त्याचा पहिला भाग वस्तू कोणत्या वर्षी आली ते सांगतो, दुसरा त्या वर्षातला अनुक्रम. पुढे अभिरक्षकांना, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या तज्ज्ञांना, काही विचारायचं झालं तर ‘ती निळी बाटली’ म्हणण्यापेक्षा क्रमांक दिलेला बरा, उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

सापडण्याची जागा आणि घडवण्याची जागा या दोन गोष्टी वेगळ्या, हेही आत्ताच शिकवून टाका. याचं उत्तम उदाहरण म्हणजे १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेली भारतीय घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती, सध्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे ती. तिच्यावर साल नाही. पण पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ती त्याआधी घडली, त्याआधी समुद्र ओलांडून गेली. काहीही न लिहिलेल्या वस्तूची तारीख अशी काढतात. अकरा वर्षांच्या मुलीला हा तर्क नीट पेलतो, आणि ‘फलकवाल्यांना कसं कळलं?’ हा प्रश्न तिला पुढे आपोआप पडू लागतो.

सोबत काय न्यावं

शिसपेन्सिली, मुलांच्या संख्येपेक्षा दोन जास्त. पेन नको : शाईचा डाग निघत नाही म्हणून अनेक संग्रहालयं आत फक्त पेन्सिल चालवतात. टोकयंत्र झाकणवालं, नाहीतर भुसा जमिनीवर. पाठीला पुठ्ठा असलेले अर्ध्या पानाचे कोरे कागद, म्हणजे काचेवर कागद टेकवायचा मोह होत नाही. दोरी आणि मोजपट्टी घरी वापरा, तिथे नको, कारण काचेपुढे धरलेली पट्टी डोळ्याला वस्तूपेक्षा जवळ असल्याने माप कमी भरतं. फलकावरचं माप घ्या आणि घरी तेवढ्या लांबीची कागदी पट्टी कापा.

भिंग नेऊ नका. साध्या भिंगाचं नाभीय अंतर १० ते २० सेंमी असतं आणि वस्तू पुष्कळदा काचेच्या त्याहून आत असते, मग चित्र पुसट किंवा चक्क उलटं दिसतं आणि मूल हिरमुसतं. दुर्बीण म्हणाल तर साधी दुर्बीण दोन-तीन मीटरच्या आत नीट दाखवत नाही. त्यापेक्षा फोटोची परवानगी असेल तिथे मोबाइलचा झूम बरा, फ्लॅश बंद करून. काचेतली झळाळी टाळायला गडद रंगाचे कपडे घाला आणि थोडं तिरकं उभं राहा.

शिट्टीचं उत्तर

त्या शिट्टीवर पांघरूण घालू नका, तिचा धडा करा. घामात मीठ असतं, आणि मिठातला क्लोराइड तांब्या-पितळेला आणि कांशाला खातो. मऊ दगड रोजच्या हजार हातांनी काळवंडतो, गुळगुळीत होतो. घरी तांब्याचा तुकडा घासून लख्ख करा, मुलाला घामेजलेल्या अंगठ्याचा ठसा एका बाजूला उमटवायला सांगा आणि तुकडा न पुसता ओलसर हवेत ठेवून द्या. काही दिवसांत ठसा काळपट उठतो. रखवालदाराचं म्हणणं तांबं स्वतः सांगतं.

‘इथे इतका अंधार का?’ हाही त्याच जातीचा प्रश्न. कापड, कागद, लघुचित्रं यांच्यासाठी प्रकाश साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे उजेड मोजायचं एकक) ठेवतात, अभ्यासाच्या टेबलावर तो ३०० किंवा त्याहून अधिक असतो. उडालेला रंग परत येत नाही आणि प्रकाशाचं नुकसान साचत जातं. दगडाला ही भीती नाही, म्हणून शिल्पांची दालनं उजळ. बाहेरच्या उन्हातून थेट कापडाच्या दालनात शिरलात तर मुलांना पाच मिनिटं काहीच दिसत नाही, तेवढा वेळ दाराशी बसा.

पाच मुलं, एक काच

दोन्ही कुटुंबं मिळून जाताय, तर एका काचेपुढे एका वेळी तीनपेक्षा जास्त मुलं नकोत. तीनपलीकडे मागचं मूल बघत नाही, ढकलतं. दोन आणि तीन असे गट करा, भावंडं शक्यतो वेगळी, नाहीतर थोरली बोलते आणि धाकटा मान डोलावतो. प्रत्येक मोठ्या माणसाने मुलांबरोबर फिरण्यापेक्षा आपापल्या वस्तूपाशी थांबावं आणि १५ मिनिटांनी गटांनी जागा बदलावी. त्याने मोठ्यांना दोनच वस्तूंची तयारी करावी लागते. अर्ध्यावर दहा मिनिटं सगळे दालनाबाहेर. वाटाड्या घ्यायचा असेल तर शेवटच्या २० मिनिटांसाठी घ्या, मुलांना पडलेले प्रश्न त्याला आधी कळवून. सुरुवातीलाच घेतला तर तो सगळं सांगून टाकतो, त्याचं कामच ते.

घरी आल्यावर, आणि नोंद

त्या दिवशी काही लिहून घेऊ नका. दोन दिवसांनी चार वस्तू आठवणीतून काढायला सांगा आणि मग दालनातलं रेखाटन शेजारी ठेवा. सुटलेलं काय, वाढवलेलं काय, हे मुलं स्वतः शोधतात.

नंतर भिंतीवर कागदाची पट्टी लावा, १ सेंमी म्हणजे २५ वर्षं. नर्तकी सुमारे इ.स.पू. २५०० ची धरली तर पट्टी साधारण १८० सेंमी होते. मुलीचं सगळं आयुष्य त्यावर साडेचार मिलिमीटरही भरत नाही, मुलाचं जेमतेम तीन. मग पॉम्पेईची खूण करा : ती नर्तकीपासून सुमारे १०३ सेंमीवर आणि आजपासून सुमारे ७८ वर येते. ‘जुन्या काळी’ नावाची एकच खोली नसते, हे मुलांना पट्टीवर दिसतं. पुढच्या प्रत्येक भेटीतल्या वस्तू याच पट्टीवर चढवा.

मुलीला एका वस्तूचा फलक नव्याने लिहायला द्या, मर्यादा ५० शब्द. मूळ फलक ज्याबद्दल गप्प होता ती एक गोष्ट त्यात आलीच पाहिजे, आणि ती कशावरून कळली हेही. धाकट्याने घरातल्या पाच वस्तूंना नोंदक्रमांक द्यावेत आणि रजिस्टर करावं : वस्तू, कशाची, माप, कुठे सापडली, काय तुटलंय. तुटलेल्याचा रकाना तो सगळ्यात आधी भरेल.

वर्षाच्या नोंदींसाठी प्रत्येक वस्तूला एकच पान. वर तारीख, दालन, नोंदक्रमांक. मग दालनातलं मूळ रेखाटन, मळकं असेल तसंच. त्याखाली तीन ओळी : बघून काय वाटलं, फलकाने काय सांगितलं, कोणता प्रश्न उरला. नंतर उत्तर मिळालं तर तारखेसह त्याच पानावर, वेगळ्या रंगात. भरलेली वर्कशीट बघून मूल्यमापन करणाऱ्याला काही कळत नाही, पण ऑगस्टमधला चुकीचा अंदाज आणि नोव्हेंबरमधली त्याची दुरुस्ती एका पानावर दिसली की शिकणं कुठे झालं ते कळतं. दोन मुलं, चार वस्तू, म्हणजे एका भेटीची आठ पानं. वर्षात सहा भेटी झाल्या तर ४८. पहिल्या पानांवर तुमचं अक्षर जास्त असेल, धाकटा स्वतः लिहू लागला की पेन्सिल त्याच्याकडे द्या.

आधीची ४० प्रश्नांची वर्कशीट फेकू नका. पुढच्या महिन्यात निघण्याआधी मुलीलाच ती तपासायला द्या : यातले कोणते प्रश्न वस्तूकडे न बघताही सुटतात? तेवढे तिने खोडायचे. जे उरतील ते सोबत घ्या.